काटा

डिचोलीच्या बाजारात, औषधांच्या दुकानावर
पक्षाची खोली. तेरा खुर्च्या, त्यातल्या दोन मंडपवाल्याच्या,
परत करायच्या राहून गेलेल्या.
इतिवृत्त मी लिहितो. अक्षर बरं आहे म्हणून,
आणि खाणीच्या काट्यावर बावीस वर्षं
ट्रकांची वजनं लिहीत होतो म्हणूनही.

विषय एकच: यंदा तिकीट कुणाला.

मिनिन म्हणाला, उल्हास फळदेसाई.
महिन्यापूर्वी आला आपल्यात, मान्य,
पण येताना सहा पंच घेऊन आला.
दोन बार्ज त्याच्या, भजनी मंडळाची पेटी त्यानं दिलेली,
फेस्ताचा बँड त्याच्या खर्चानं.
कुणी गेलं तर तिरडीच्या आधी तो पोचतो.
जिंकायचंय, की नुसतं बरोबर असायचंय?

कालिंदी मळीक समोरच बसली होती.
मांडीवर हेल्मेट, हेल्मेटात भेंडी,
येताना बाजारात घेतलेली.
मागच्या खेपेला आम्ही तिलाच उभी केली.
जाहीरनाम्यात तिनं लिहिलं होतं:
खाणीचा खंदक बुजवू, झर मोकळी करू,
शेतात गाळ नाही, पाणी येईल.
वाचून माझे डोळे भरले होते.
मतं पडली सहाशे अकरा.
अनामत गेली, आणि जो निवडून आला
त्याच्या काळात झर आटली.
आता मंगळवारी आणि शुक्रवारी टँकर येतो.
रांगेत कळशी टेकवतो तेव्हा
सहाशे अकरा आतून वाजतात.

काट्यावर ट्रक दोनदा चढतो.
एकदा भरलेला, एकदा रिकामा.
दोन्हींतला फरक म्हणजे माल.
मी मनातल्या मनात उल्हासला चढवला,
बार्जांसकट, पंचांसकट, पेटी-बँडासकट.
केवढा आकडा!
मग सगळं उतरवून पुन्हा चढवला.
सुई हलली की नाही, सांगता येत नाही.
कालिंदीला चढवली. भरलेली, रिकामी,
दोन्ही वेळा तेवढीच.
म्हणजे यंत्राच्या हिशेबी माल शून्य.

यंत्र खोटं बोलायचं नाही. खोटं मी लिहायचो,
सोळा टनांचे दहा,
साहेबाची भुवई हलली की.
त्या सहा टनांवर मुलीचं नर्सिंग झालं.
म्हणून आदर्शांचा विषय निघाला
की माझा आवाज जरा खालीच असतो.

सगुण म्हणाला, हरणाऱ्याचं तत्त्व म्हणजे
लोणच्याची रिकामी बरणी. वास तेवढा राहतो.
लुर्दिन म्हणाली, आणि हा जिंकून परत तिकडे गेला तर?
ह्यावर सगळे हसले.
गोव्यात ह्यावर हसायचंच असतं.
कालिंदी म्हणाली, एवढंच सांगा,
झर त्याच्या जाहीरनाम्यात राहील ना?
राहील, मिनिन म्हणाला. मी घालीन.
कितव्या कलमात?
पंखा फिरत राहिला.

चिठ्ठ्या झाल्या. नऊ विरुद्ध चार.
मी मोजल्या, दोनदा, सवयीनं,
आणि वहीत खरा आकडा लिहिला.
नवांतली एक माझी.
ते वहीत नाही.

खाली उतरलो तर मयेची शेवटची बस गेलेली.
कालिंदीनं स्कूटर वळवली, भेंडी डिकीत टाकली,
म्हणाली, बसा काका, वाटेवरच तर आहे.
बसलो. हात कुठे ठेवावेत ते न कळून
स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवले.
चढावर ती म्हणाली, जरा पुढे सरका,
मागे फार वजन होतंय.
सरकलो.
तळ्याकडे वळताना तिनं विचारलं,
उल्हासचे फलक कधी लावायचेत?
शिडी आमच्याकडे आहे.

मी म्हटलं, कळवतो.